अर्धा गुंठा

आमच्या घराण्यातल्या दोन पिढ्यांनी दुसऱ्यांची पिकं मोजली. पणजोबांनी नजरेनं आणि आजोबांनी दोरीनं. पणजोबा गावचे कुलकर्णी. आजोबा शेतकी शाळेत शिकून खात्यात ओव्हरसियर म्हणून लागले आणि पंचायत समितीतून शेती विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झाले. नोकरीची बहुतेक वर्षं त्यांनी सातारा जिल्ह्यातल्या माण-खटावच्या कोरड्या पट्ट्यात काढली. लोक त्यांना ‘शेतकीसायेब’ म्हणायचे. फवारणी, बांधबंदिस्ती, बियाण्याचं वाटप, खताच्या दुकानांची तपासणी, सगळंच त्यांच्याकडे होतं. पण रात्री ओसरीवर बसून ते सांगायचे ते मात्र पीक कापणीचं. त्या कामावर त्यांचा जीव होता.

पणजोबांच्या काळी आणेवारी कशी ठरे, हे आजोबांनी लहानपणी डोळ्यांनी पाहिलं होतं. कापणीच्या तोंडावर सर्कलसाहेब घोड्यावरून यायचे. बांधावर पाटील, कुलकर्णी आणि चार जाणती माणसं उभी असायची. साहेब कधी खाली उतरायचे, कधी घोड्यावरूनच शिवारावर नजर फिरवायचे. पाटील म्हणायचे, “चार आणे.” साहेब म्हणायचे, “सहा धरा.” पणजोबा लिहून घ्यायचे. रुपयाचे सोळा आणे तसे भरल्या पिकाचेही सोळा आणे, आणि यंदाचं पीक त्यातले किती, हे असं दोन वाक्यांत ठरे. पणजोबांची नजर कच्ची नव्हती. कणीस तळहातावर चोळून दाणा दाताखाली धरला की रान एकरी किती देणार हे ते सांगत, आणि खळ्यावर ते बहुधा खरं ठरे. पण त्यांच्या नजरेला किंमत होती ती साहेब ऐकून घेईल तेवढीच.

या आण्यांवर काय काय टांगलेलं असे, हे समजायला खेडा जिल्ह्याकडे पाहावं लागतं. तेव्हा तो मुंबई इलाख्यातच होता, आणि महसुलाचे नियम त्यांचे आणि आमचे एकच. पीक चार आणे किंवा त्याहून कमी असेल तर त्या वर्षाची सारावसुली पूर्ण तहकूब व्हावी, असा तो नियम होता. 1917 च्या अतिपावसानं खरीप बुडाला. सरकारी कागद म्हणत होते पीक चार आण्यांच्या वर आहे, शेतकरी म्हणत होते खाली आहे. त्रयस्थ माणसांकडून चौकशी करा, ही साधी मागणीही सरकारनं मानली नाही, आणि मार्च 1918 मध्ये नडियादहून गांधीजींनी सत्याग्रह पुकारला. वल्लभभाई पटेल शेतकऱ्यांमध्ये उतरले ते याच लढ्यात. आपण हा लढा साराबंदीचा म्हणून शिकतो. आजोबा तो मोजणीचा लढा म्हणून सांगायचे. दोन्ही बाजू एकाच शिवाराकडे बघत होत्या आणि त्यांच्यामध्ये तराजू नव्हता, असं त्यांचं म्हणणं.

तराजू आणला तो खटाव तालुक्यातल्याच एका माणसानं. पांडुरंग वासुदेव सुखात्मे 1911 साली बुध या गावी जन्मले. संख्याशास्त्र शिकायला ते लंडनला गेले आणि 1940 पासून दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत काम करू लागले. आजोबांच्या हद्दीत बुध आलं की ते सायकलवरून उतरून चालायचे, असं आजी सांगते. त्यात थोडी भर असेल. पण आपण करतो ते काम ज्यानं आखून दिलं तो माणूस याच कुसळाच्या मुलखातला, याचा त्यांना फार अभिमान होता.

सुखात्मे आणि कलकत्त्याचे प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा वाद संख्याशास्त्रात प्रसिद्ध आहे. पीक नमुन्यानं मोजायचं आणि नमुना चिठ्ठी टाकल्यासारखा निवडायचा, यावर दोघांचं एकमत होतं. महालनोबिसांनी बंगालात तागाची मोठी पाहणी केली होती. त्यांचा कल लहान तुकड्यांकडे आणि त्यासाठी खास शिकवलेल्या वेगळ्या तपासनिसांकडे होता. सुखात्म्यांनी 1946 साली दाखवून दिलं की तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न फुगतं. कारण अगदी साधं आहे. कडेवरचं ताट आत धरायचं की बाहेर, अशी शंका आली की हात नकळत ते आत घेतो, आणि तुकडा जितका लहान तितका त्यात कडेचा वाटा मोठा. म्हणून तुकडा बऱ्यापैकी मोठा हवा. दुसरा मुद्दा आमच्या घराच्या जास्त जवळचा. वेगळी फौज उभारू नका, गावोगाव जे महसूल आणि शेतकी खात्याचे नोकर आहेत त्यांना नीट शिकवा, तेच हे काम करतील, असं सुखात्मे म्हणाले. पुढे हीच पद्धत देशभर रुळली. तलाठी, ग्रामसेवक आणि शेतकी खात्याचा माणूस यांच्यात कापणीचे प्रयोग वाटले जाऊ लागले, ते आजही तसेच वाटले जातात. एका मोठ्या विद्वानानं महिना शंभर-दीडशे रुपये पगाराच्या माणसांवर विश्वास टाकला होता, आणि आजोबांना तो विश्वास ठाऊक होता. विनायक गोविंद पानसे आणि सुखात्मे यांचं 1954 सालचं इंग्रजी पुस्तक त्यांनी कुणाकडून तरी मिळवलं होतं. त्यातलं गणित त्यांना पुरतं उमगत नसे, पण पुस्तकाला कव्हर घातलेलं असे.

आता ते काम. आमच्याकडच्या पिकांना तुकडा तेहतीस फूट लांब, साडेसोळा फूट रुंद. तेहतीस फुटांचा चौरस म्हणजे गुंठा, तेव्हा हा अर्धा गुंठा झाला, एकराचा ऐंशीवा भाग. मीटर आल्यावर तोच दहा बाय पाच मीटर झाला. कुठल्या गावात आणि कुठल्या पिकाचा प्रयोग करायचा, हे वरून ठरून यायचं. सोबत आकड्यांचा तक्ता असे. त्यातल्या आकड्यानं सर्व्हे नंबर निघायचा. त्या नंबरात ते पीक पेरलेलंच नसेल तर पुढचा नंबर घ्यायचा. रानात गेल्यावर नैऋत्येच्या कोपऱ्यात उभं राहायचं, लांबी-रुंदी पावलांनी मोजायची आणि तक्त्यातले दोन आकडे घेऊन तितकी पावलं लांबीकडून, तितकी रुंदीकडून चालायची. पाऊल थांबेल तिथे पहिली खुंटी. मग काटकोन साधून बाकीच्या तीन खुंट्या, कर्ण मोजून खात्री, आणि दोरी ताणून बांधायची. दोरी ढिली राहिली की पोट बाहेर येतं आणि पाच-सहा ताटं फुकट आत येतात. ताट दोरीवरच उभं असेल तर बुंधा बघायचा. अर्ध्याहून जास्त आत असेल तर आपलं, नाहीतर नाही. कणीस कुठल्या बाजूला लवलंय ते बघायचं नाही. मग कापणी. कणसं ताडपत्रीवर बडवायची, उफणायची, दाणा तराजूत.

हे सगळं मी सरळ सांगून टाकलं, पण यातली खुंटी ठोकण्याची वेळ सोपी नसे. गाव गोळा झालेलं असायचं. एकदा शाळूच्या रानात आकड्यांनी आजोबांना नेमकं चुनखडीच्या पांढऱ्या पट्ट्यावर नेऊन उभं केलं. चहूबाजूंनी मालदांडी पुरुषभर उंच, आणि त्या पट्ट्यात गुडघ्याएवढी धाटं. रानाचा मालक कष्टाळू, तालुक्याच्या पीक स्पर्धेत नाव मिळवलेला. तो कळवळून म्हणाला, “सायेब, दोन पावलं हिकडं घ्या की. ह्यो काय माझ्या रानाचा नमुना हाय व्हय?” आजोबा म्हणाले, “मामा, हा पट्टा तुमच्याच रानात आहे. याचंही धान्य मोजलंच पाहिजे.” खुंटी तिथेच ठोकली. मालकानं त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही.

दुसऱ्या एका वर्षी उलट झालं. सगळं रान करपलेलं, आणि आकडे गेले विहिरीच्या दंडाकडेला, जिथे झिरप्यावर वाफाभर बाजरी हिरवीगार होती. तेव्हा गावाची विनंती होती की दोन पावलं तिकडे घ्या. आजोबांनी तीही ऐकली नाही. पहिल्या प्रसंगापेक्षा हा त्यांना जड गेला. ते सांगताना थांबायचे.

दडपण फक्त गावाचं नव्हतं. ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम 1943 पासून चालू होती. 1965 साली मुख्यमंत्री वसंतराव नाईकांनी पुण्यात शनिवारवाड्यासमोर दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण करण्याची जाहीर प्रतिज्ञा केली. सीएसएच-1 ही संकरित ज्वारी आणि एचबी-1 ही संकरित बाजरी त्याच सुमारास आली, आणि शेतकी खात्याला पंख फुटले. आजोबांनी त्या बियाण्याच्या पिशव्या स्वतः बैलगाड्यांतून वाड्यावस्त्यांवर नेल्या होत्या. हायब्रीडनं पहिली काही वर्षं खरोखर धान्य दिलं, हे त्यांनी स्वतःच्या तराजूत पाहिलं होतं, आणि कुणी त्या बियाण्याला नावं ठेवली की ते चिडायचे. पण सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला संकरित बाजरीवर गोसावी आला. कणसाच्या जागी हिरव्या पानांचा झुपका, दाणा नाहीच. तेव्हा त्यांनी तसंच कमी वजन लिहिलं. एका वरिष्ठांनी विचारलं, एवढा कमी आकडा वर कसा पाठवू? आजोबा म्हणाले, “तराजूत जेवढं आलं तेवढंच मी लिहिलंय.” त्या वर्षी त्यांची बदली झाली. या दोन गोष्टींचा संबंध होता की नाही, यावर ते कधी बोलले नाहीत. आजी बोलते.

आजीकडे या कामाची वेगळीच बाजू आहे. कापल्यावर दाणा ओला असतो, म्हणून त्यातला थोडा नमुना वाळवून पुन्हा तोलायचा असे. ते नमुने घरी यायचे. फडक्याच्या पिशव्या, गळ्याशी सुतळी, सुतळीला चिठ्ठी. दिवसा गच्चीवर वाळवण, रात्री आढ्याला टांगायचं. उंदरांनी खाऊ नये म्हणून आजीनं प्रत्येक दोरीत नारळाची करवंटी ओवली होती. घरात तीन मुलं, महिनाअखेरीला डबा रिकामा, आणि वर ज्वारीच्या डझनभर पिशव्या लोंबताहेत. एकदा सासूबाईंनी विचारलं की त्यातली मूठभर घेतली तर काय बिघडतं. आजोबांनी त्यांना पाटीवर हिशेब मांडून दाखवला. अर्ध्या गुंठ्यात एक शेर कमी-जास्त झाला तर एकरी ऐंशी शेर होतात, म्हणजे दोन मण. आणि तो आकडा जातो जिल्ह्याच्या खात्यावर. पणजीला हिशेब कळला की नाही कोण जाणे, पण त्या पिशव्यांना कुणी हात लावला नाही. दारात कधी शेंगांचं पोतं येऊन पडायचं, कधी गुळाची ढेप. आजी ते आणणाऱ्याच्याच डोक्यावर परत चढवून द्यायची. तिला वाईट वाटायचं ते देणाऱ्यांचं, कारण त्यातले बरेच जण काही मागायला आलेले नसत. आमच्याकडे आलेल्याला रित्या हातानं यायचं ठाऊक नसतं.

बहात्तरच्या दुष्काळाचं साल आमच्याकडे अजून कालच्यासारखं सांगितलं जातं. मिलो ज्वारी, सुकडी, खडी फोडायची कामं. त्या वर्षी कापणी प्रयोगांचं काय झालं, हे मात्र मी फक्त आजोबांकडून ऐकलं. पेरलं होतं, उगवलं होतं, आणि टीचभर होऊन वाळून गेलं होतं. नियम असा की पीक पेरलंच नसेल तर पुढच्या नंबरावर जा. पण पेरलेलं जळून गेलं असेल तर तो नंबर सोडायचा नाही, खुंट्या ठोकायच्या आणि उत्पन्न शून्य लिहायचं. उन्हातान्हात मैलोन्मैल चालून मेलेल्या रानात दोरी ताणायची आणि शून्य लिहून परत यायचं, हे कुणाला पटणार? काहीजण ‘प्रयोग झाला नाही’ असं लिहायचे, काहीजण जिथे थोडंफार उभं आहे तिथे जायचे. आजोबा यावर पोटतिडकीनं बोलायचे. जागा कोरी ठेवली तर ते रान हिशेबातूनच जातं. मग सरासरी फक्त वाचलेल्या रानांची निघते, आणि कागदावर दुष्काळ हलका होतो. मेलेल्या पिकाची साक्ष शून्य लिहिल्याशिवाय नोंदली जात नाही. मला त्यांनी सांगितलेल्या सगळ्या गोष्टींत ही सर्वांत मोठी वाटते. धान्य मोजणं कुणीही करेल. काहीच नाही, हे मोजायला जाणं आणि ते नाव-नंबरासह लिहून ठेवणं, यासाठी निष्ठा लागते.

आजोबा गेल्यावर त्यांच्या हद्दीतल्या गावांत जायचं मी मनावर घेतलं. माण तालुक्यातल्या एका गावात एक तात्या भेटले. वय नव्वदीकडे झुकलेलं, डोळ्यांना कमी, बाकी खणखणीत. मी कुणाची नात हे कळल्यावर त्यांनी चहा मागवला आणि चहा येण्याआधीच म्हणाले, “तुझ्या आज्यानं आमचं गाव बुडिवलं, पोरी.”

हकिगत अशी. बहात्तरच्या काही वर्षं आधीची गोष्ट. आणे जाऊन पैसे आले होते, आणेवारीची पैसेवारी झाली होती. नेहमीच्या उत्पन्नाच्या मानानं यंदा रुपयात किती पैसे पिकलं, ते काढायचं. पन्नासच्या आत आलं तर साऱ्यात सूट, सोसायटीच्या वसुलीला मुदत, पोरांची परीक्षेची फी माफ. तात्यांचं गाव बावन्न पैशांवर अडकलं. शेजारचं गाव, तोच पाऊस, तीच माळरानं, ते अठ्ठेचाळीसवर सुटलं. तात्यांच्या वडिलांनी सोसायटीचा हप्ता भरायला एक बैल विकला. “आन तुझा आजा दोरी घिऊन त्याच साली आलता. दंडाकडंची बाजरी कापली त्येनं. म्या सोता बघितली.”

ती दंडाकडेची बाजरी. मला घरी एका बाजूनं ऐकलेली गोष्ट इथे दुसऱ्या बाजूनं भेटली.

मी तात्यांना माहीत होतं ते सांगितलं. आजोबांचा तो अर्धा गुंठा गावाच्या पैसेवारीसाठी नव्हताच. जिल्हाभरात तसे कितीतरी तुकडे कापले जायचे, त्या सगळ्यांची सरासरी पुण्याला जायची आणि सातारा जिल्ह्यात बाजरी किती पिकली ते त्यावरून ठरायचं. एक तुकडा हिरवा निघाला तरी दुसरीकडे चुनखडीवरचा निघतो. सुखात्म्यांचं गणित उभं आहे ते या पुष्कळ तुकड्यांवर. म्हणूनच खुंटी हलवायची नाही. गावाची पैसेवारी वेगळी, ती महसूलवाले काढत. गावची कमिटी, तलाठी, सर्कल, भारी-मध्यम-हलक्या रानांचा अंदाज, आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम.

तात्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, “म्हंजी आमचा आकडा पुन्ना नजरंनंच काढला.”

“हो.”

“मग दोरी कशाला आणली व्हती गावात?”

या प्रश्नावर मी अजून विचार करते आहे. माझ्या समजुतीनं दोरी योग्यच होती आणि आजोबांचं न हलणंही. पण गावाला दिसत होती ती दोरी. तिच्यामागचा जिल्हा त्यांना कुणी समजावून सांगितला नव्हता. सरकारला जिल्हा कळावा म्हणून गावानं रान मोकळं करून दिलं, आणि गावाचं दुःख ठरवायची वेळ आली तेव्हा मोजणीचं हत्यार परत पेटीत गेलं.

तात्यांचा नातू तिथेच बसला होता. तो म्हणाला, आता ते वेगळं राहिलेलं नाही, आता दोरीच सगळं ठरवते. त्याचं खरं आहे. पीक विम्याच्या योजना आल्या तेव्हापासूनच कापणी प्रयोगाच्या आकड्याला रुपयाची किंमत आली, आणि 2016 साली आलेल्या पंतप्रधान पीक विमा योजनेतही तोच आकडा चालतो. आपल्याकडे मुख्य पिकांचा हिशेब महसूल मंडळावर होतो. मंडळात ठरावीक प्रयोग होतात, त्यांची सरासरी निघते आणि ती उंबरठा उत्पादनाखाली गेली तरच भरपाई. उंबरठा निघतो तो मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांच्या सरासरीवरून, आणि त्यालाही जोखीमस्तराची कात्री लागते. माणसारख्या भागात सातांतली चार वर्षं कोरडी गेली तर त्या ‘चांगल्या’ पाचांतही दोन कोरडी येतात, आणि उंबरठाच खाली बसतो. 2023 च्या खरिपापासून एक रुपयात विमा मिळू लागला, तो 2025 मध्ये बंद झाला, आणि त्याचबरोबर भरपाईचा भार मुख्यतः कापणी प्रयोगांवर आला. जिल्ह्यासाठी आखलेली दोरी आधी तालुक्याला पुरवली, मग मंडळाला. नातवाच्या रानावरून गारांचा एक पट्टा गेला, मंडळातले बाकीचे तुकडे बरे निघाले, आणि त्याला काही मिळालं नाही.

गावच्या कृषी सहाय्यकबाईंना मी कापणी करताना पाहिलं आहे. टेप आणि दोरी तीच, नैऋत्येचा कोपरा तोच. आता मोबाइलमधलं ॲप जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवतं, प्रत्येक टप्प्याचा फोटो मागतं, आणि विमा कंपनीचा प्रतिनिधी बाजूला उभा असतो. रेंज गेली की सगळे माळावर चढतात. बाईंकडे अनेक गावं आहेत, सतरा योजनांची माहिती भरायची आहे, आणि कापणीचे दिवस सगळ्या गावांत एकदमच येतात. त्या खुंटी हलवत नाहीत. मी विचारलंही नव्हतं, त्यांनीच सांगितलं.

नातवाची मागणी साधी होती. मंडळात कुठल्या गटांत प्रयोग झाले, कुणाच्या समोर झाले आणि प्रत्येक तुकड्यात किती किलो भरलं, याचा कागद चावडीवर लावा. दहा बाय पाच मीटरात एक किलो म्हणजे हेक्टरी दोन क्विंटल, एवढा हिशेब आता गावातल्या कुठल्याही पोराला येतो. आम्ही वाचू, आम्ही पडताळू. मला या मागणीत काही अवघड दिसत नाही. आकडे सरकारकडे असतातच.

तात्या मध्येच म्हणाले, “आन जळल्याल्या रानात शून्य लिवलंय का, ते बी बघायचं. बहात्तरला तुझ्या आज्यानं लिवलं व्हतं. त्या कागदावर माझा अंगठा हाय.”